सोडवणं आणि सोडणं

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना फळ्यावर लिहिलेली गणितं इथे शब्दांत दिली आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिलीत आणि विषयही दिलाय. विषय का दिला ते मला ठाऊक आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं सध्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, नाहीतर पदवी घेऊन घरी बसून कुठल्या ना कुठल्या प्रवेश परीक्षेची तयारी करताहेत. कुणाला आयआयटीत एम.एस्सी. करायचंय, कुणाला एमबीए, कुणाला एम.एस.साठी अमेरिका. वाट कुठलीही धरा, दाराशी गणित उभं आहेच. आणि मी गेली वीस वर्षं शाहूपुरीतच, घराच्या माडीवर, याच परीक्षांचं गणित शिकवते. त्यामुळे आपल्या ग्रुपवरच्या कितीतरी जणांचे मला रात्री दहानंतर फोन आलेत. प्रश्न सगळ्यांचा एकच. "पोरगं हुशार आहे गं. दहावीला गणितात पैकीच्या पैकी होते. मग आताच का अडतंय?"

आज सगळ्यांना एकदमच उत्तर देते, म्हणजे माझी झोप वाचेल.

अडतं ते अभ्यासक्रमामुळे नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांची जीआरई घ्या. तिच्यातलं गणित अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि थोडं संख्याशास्त्र एवढ्यावर संपतं. त्रिकोणमिती नाही, कलनशास्त्र नाही. म्हणजे समोर बसलेल्या आपल्या बाईंनी आणि सरांनी आपल्याला जे शिकवलं, त्याच्या फारसं पुढे ते जात नाही. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आखूड केली. आता गणिताचे दोन भाग असतात, पहिल्यात १२ प्रश्न आणि २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २६ मिनिटं. एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. पडद्यावर कॅल्क्युलेटर दिलेला असतो, यावरूनच ओळखा की आकडेमोड हा तिथला मुद्दा नाही.

मग अवघड काय आहे? आपल्या पुस्तकात धड्याच्या शेवटी उदाहरणसंग्रह असायचा, आठवतंय? धडा काळ-काम-वेगाचा असेल तर खालची सगळी गणितं काळ-काम-वेगाचीच. कुठली रीत वापरायची हे गणित वाचायच्या आधीच आपल्याला माहीत असायचं. प्रवेश परीक्षेत ही पाटी काढून टाकलेली असते. समोर चार ओळी असतात आणि त्या कुठल्या धड्यातल्या हे कुणी सांगत नाही. दहावीला पैकीच्या पैकी मिळवणारं मूल तिथे अडतं, कारण रीत त्याला येते, पण कुठली रीत हे आजवर त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

एक उदाहरण देते. कोल्हापुरात बोलतेय, तेव्हा कुस्तीचंच देते. एका गदेसाठी १०० मल्ल उतरलेत. हरला तो बाहेर. एकच विजेता उरेपर्यंत एकूण किती कुस्त्या लावाव्या लागतील? (खासबागेत जोड्या आधीच ठरवून लावतात, अशी स्पर्धा तिथे नसते, हे मला माहीत आहे. मागच्या रांगेतल्यांनी हात खाली घ्यावेत.) बहुतेक मुलं लगेच हिशेबाला लागतात. पहिल्या फेरीत ५० कुस्त्या, मग २५, मग १२ आणि एकाला पुढे चाल, मग ६, ३, २, १. बेरीज ९९. उत्तर बरोबर आहे, पण दोन मिनिटं गेली, आणि १०० ऐवजी १,३७३ मल्ल असते तर पाच मिनिटं गेली असती.

आता त्याच गणिताकडे जिंकणाऱ्याच्या बाजूने न बघता हरणाऱ्यांच्या बाजूने बघा. एका कुस्तीत एकच मल्ल बाहेर जातो. एक सोडून सगळ्यांना बाहेर काढायचंय. म्हणजे ९९ कुस्त्या. १,३७३ मल्ल असतील तर १,३७२. संपलं. यात कुठलंही सूत्र नाही. फक्त प्रश्न दुसऱ्या बाजूने वाचलाय.

ही नजर शिकवता येते का? येते, पण चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. आजकाल "पन्नास शॉर्टकट" अशी पुस्तिका प्रत्येक मुलाच्या दप्तरात सापडते. मी ती काढून घेत नाही, पण पहिले दोन महिने उघडूही देत नाही. शॉर्टकट म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी सुचलेली गोष्ट. ती पाठ करता येते, पण गणित जरा वाकडं विचारलं की उपयोगाला येत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी भास्कराचार्य शिकवते. मुलं हसतात. आयआयटीच्या तयारीला बाराव्या शतकातला माणूस कशाला? लीलावती हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. त्यात इष्टकर्म नावाची रीत आहे. उत्तर माहीत नाही ना, मग सोयीचं कुठलंही एक धरून चाला, गणित त्याच्यावर चालवून बघा, आणि जे चुकलं त्याच्या प्रमाणात दुरुस्त करा. त्यातलंच कमळांचं गणित तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. एका भक्ताने कमळांचा तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला, आणि उरलेली सहा कमळं गुरूंना दिली. एकूण कमळं किती? आपण लगेच क्ष धरून समीकरण मांडू. इष्टकर्म म्हणतं, ६० धरा, कारण ६० ला ३, ५, ६ आणि ४ या सगळ्यांनी भाग जातो. २०, १२, १० आणि १५ मिळून ५७. उरली ३. पण उरायला हवीत ६. म्हणजे धरलेल्याच्या दुप्पट, १२० कमळं. कागदही लागला नाही. जीआरई आणि कॅटची आजची महागडी पुस्तकं इंग्रजीत मोठ्या थाटात हेच शिकवतात, की क्षच्या जागी एखादी संख्या घालून बघा. आपल्याकडे त्याला साडेआठशेहून अधिक वर्षांचं नाव आहे.

फक्त एक पथ्य. कमळांच्या गणितात एकच संख्या धरून भागलं, कारण तिथे सगळे हिस्सेच आहेत. सगळीकडे भागत नाही. जीआरईत एक प्रकार असतो, दोन राशी देतात आणि विचारतात कुठली मोठी. पर्याय चार: पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही सारख्या, किंवा सांगता येत नाही. समजा एक राशी क्ष आणि दुसरी क्षचा वर्ग. मुलं ३ घालतात, ९ येतात, वर्ग मोठा म्हणून खूण करून मोकळी होतात. अर्धा घातला तर वर्ग पाव येतो, म्हणजे लहान. शून्य घातलं तर दोन्ही सारख्या. उत्तर "सांगता येत नाही". म्हणून मी सांगते, संख्या घालायच्या तर अडचणीच्या आधी घाला: शून्य, एक, ऋण, अपूर्णांक. सोयीच्या संख्या सगळ्यांशीच चांगलं वागतात.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याच्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी यायची. शाहूपुरीतलीच. नाव सांगत नाही. वडिलांचं छोटं दुकान. बी.एस्सी. गणितात, फर्स्ट क्लास. तिला आयआयटीत एम.एस्सी. करायची होती, म्हणजे जॅम द्यायची होती. जॅमच्या गणिताच्या पेपरात ६० प्रश्न, १०० मार्क, तीन तास. सरासरी प्रश्नाला तीन मिनिटं. ती पहिल्यांदा माझ्याकडे न येता बसली होती. पेपरात ३८ व्या प्रश्नापर्यंत पोहोचली आणि वेळ संपला. जे सोडवलं ते जवळजवळ सगळं बरोबर होतं. पण उरलेल्या २२ प्रश्नांतले निदान दहा तरी तिला बघताक्षणी आले असते. ते तिने पाहिलेच नाहीत. पहिल्या सोळा प्रश्नांवर तिचा दीड तास गेला होता.

घरच्यांनी तिला एक वर्ष आणखी दिलं. त्यानंतर स्थळं बघायची, असं ठरलं. वडील मला स्वतः येऊन सांगून गेले. वाईट माणूस नव्हे. दोन धाकटी भावंडं होती आणि दुकानाचा जीव तेवढाच होता.

मी तिला पहिल्या दिवशी विचारलं, "गणित येत नाहीये असं कळल्यावर तू ते सोडून पुढे का गेली नाहीस?" तिने जे उत्तर दिलं ते मी अजून विसरलेले नाही. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे ताटात टाकलेलं चालत नाही."

आता हसू नका. आपण सगळे त्याच घरांतले आहोत. ताटातलं संपवायचं, हातात घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हे आपल्याला आईवडिलांनी शिकवलं आणि शाळेने पक्कं केलं. वहीत एखादं उदाहरण कोरं ठेवलेलं बाईंना चालायचं का? तिथे जन्मभराची सवय लागलेली असते आणि परीक्षा मात्र एकदम उलटी अपेक्षा करते. मराठीत सोडवणं आणि सोडणं हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. पण एक आपण गुण म्हणून शिकतो आणि दुसरं दोष म्हणून. प्रवेश परीक्षेला दोन्ही गुणच लागतात.

तिला आम्ही दोन वह्या करायला लावल्या. एक घड्याळाची वही. रोज सकाळी वीस प्रश्न, साठ मिनिटं, बेल वाजली की पेन खाली. प्रत्येक प्रश्न वाचून अर्ध्या मिनिटात तिने शेजारी एक अक्षर लिहायचं: आत्ता, नंतर, किंवा सोडा. "आत्ता"वाले आधी. ते संपले तर "नंतर". "सोडा" लिहिलेल्याला त्या तासात हात लावायचा नाही. पहिल्या महिन्यात तिला हे जमेना. "सोडा" लिहायची आणि गुपचूप समासात सोडवत बसायची.

दुसरी वही सोडलेल्यांची. सकाळी जे सोडलं ते रात्री तिथे उतरवायचं, रोज एकच, आणि त्याला घड्याळ नाही. एक रात्र लागो, आठवडा लागो. ही वही नसती तर पहिली तिने पाळलीच नसती, असं मला वाटतं. सोडलेलं गणित टाकून दिलेलं नाही, ते झाकून ठेवलंय, हे कळल्यावर तिचा हात सैल झाला.

त्या वहीतलं एक गणित सांगते. क्रमगुणित म्हणजे काय ते आधी आठवा. पाचचं क्रमगुणित म्हणजे १ पासून ५ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार, १२०. आता गणित असं: १ गुणिले १ चं क्रमगुणित, अधिक २ गुणिले २ चं क्रमगुणित, अधिक ३ गुणिले ३ चं, असं करत १० गुणिले १० चं क्रमगुणित. सगळ्यांची बेरीज किती? सकाळच्या वहीत तिने सगळं गुणलं आणि बेरीज केली. नऊ मिनिटं. उत्तर बरोबर. मी त्यावर लाल पेनने शून्य दिलं आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग तिला म्हटलं, दहापर्यंत जाऊ नकोस, एकापर्यंत जा. उत्तर १. दोनपर्यंत, १ आणि ४ मिळून ५. तीनपर्यंत, ५ आणि १८ मिळून २३. चारपर्यंत, २३ आणि ९६ मिळून ११९. बघा: १, ५, २३, ११९. प्रत्येकात एक मिळवा. २, ६, २४, १२०. ही तर क्रमगुणितंच! दोनचं, तीनचं, चारचं, पाचचं. म्हणजे दहापर्यंतची बेरीज ११ च्या क्रमगुणितापेक्षा एकने कमी, ३,९९,१६,७९९. परीक्षेत एवढं पुरे. चार पायऱ्या, एक मिनिट, उत्तर लिहा, पुढे चला.

पण रात्रीच्या वहीला एवढ्यावर चालत नाही. तिथे प्रश्न असतो, असं का? चार उदाहरणांत जमलं म्हणून दहाव्यात जमेलच याचा भरवसा काय? ती तीन दिवस त्याच्या मागे होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी जिना चढता चढताच म्हणाली, "मॅडम, ही उधारी आहे." मला कळेना. तिने फळ्यावर लिहून दाखवलं. चार वेळा चारचं क्रमगुणित म्हणजे पाच वेळा चारचं क्रमगुणित वजा एक वेळा. पाच वेळा चारचं क्रमगुणित म्हणजे पाचचंच क्रमगुणित. म्हणून प्रत्येक पद म्हणजे पुढचं क्रमगुणित वजा आधीचं. ओळीने मांडलं की एकाच्या खात्यात जे जमा, तेच पुढच्याच्या खात्यात नावे. मधलं सगळं परस्पर वळतं होतं. शेवटी उरतं ११ चं क्रमगुणित जमा आणि १ नावे. वडिलांची खातेवही तिने लहानपणापासून लिहिली होती.

शाहूपुरी ही मुळात व्यापारी पेठ. गुळाच्या रव्यांचे हिशेब तोंडी करणारी माणसं आपण लहानपणी पाहिली. बीजगणिताला त्याच भाषेत पकडलेलं मी मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.

सोडण्याचंही एक गणित असतं, ते थोडक्यात सांगते, कारण पालक यात फार चुकीचे सल्ले देतात. "काहीतरी लिहून ये, कोरं ठेवू नको" हा सल्ला सगळीकडे चालत नाही आणि "खात्री नसेल तर हात लावू नको" हाही नाही. जॅममध्ये चार पर्यायांच्या दोन मार्कांच्या प्रश्नाला चुकलं तर दोन तृतीयांश मार्क कापतात. डोळे मिटून ठोकलं तर चारात एकदा दोन मिळणार आणि तीनदा दोन तृतीयांश जाणार. दोन जमा, दोन खर्च. हाती शून्य. कॅटमध्ये बरोबरला तीन आणि चुकीला वजा एक, तिथेही चारात एकदा तीन जमा, तीनदा एक खर्च, पुन्हा शून्य. पेपर काढणाऱ्यांनी हिशेब चोख ठेवलाय. पण चारातला एक पर्याय नक्की चूक आहे एवढं जरी कळलं, तरी पारडं आपल्याकडे झुकतं. तेव्हा खूण करायची. जॅममध्ये आकडा लिहायच्या प्रश्नांना मार्क कापत नाहीत, एकाहून अधिक बरोबर पर्याय असणाऱ्या प्रश्नांनाही नाहीत. जीआरईत तर कुठेच कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणं हा शुद्ध तोटा. प्रत्येक परीक्षेत सोडण्याचा अर्थ वेगळा असतो. तो परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, सहा महिने आधी समजून घ्यायचा.

आता थोडं कोल्हापूरचं. क्लासेस आणि घड्याळावरच्या परीक्षा हे आजचंच खूळ आहे असं आपण म्हणतो. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजची ट्रायपॉस ही गणिताची परीक्षा नेमकी अशीच होती. भरभर सोडवायचं, गुणानुक्रम लागणार, आणि त्यासाठी मुलं खासगी शिकवण्या लावायची. एडवर्ड राउथ नावाच्या एकाच शिक्षकाच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सिनियर रँग्लर निघाले. १८९९ मध्ये आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सिनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्याच्या आदल्या वर्षी चौथा आलेला हार्डी पुढे जगातला मोठा गणिती झाला आणि त्या गुणानुक्रमाचा कडवा विरोधक. १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणं बंद झालं.

विष्णू वासुदेव नारळीकर हे १९०८ साली आपल्या कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजला शिकले आणि १९३२ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. त्यांचे चिरंजीव जयंतराव, त्यांचाही जन्म कोल्हापूरचाच, १९३८ चा. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातली एक गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगते. बनारसच्या घरात भिंतीवर फळा होता. त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, तिथे राहून शिकत होते. ते त्या फळ्यावर छोट्या जयंतसाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवायचे. सुटेपर्यंत, किंवा जयंत हार कबूल करेपर्यंत, ते पुसायचं नाही. त्यांचे दुसरे मामा म्हणजे संख्याशास्त्रज्ञ वसंत हुजूरबाजार, तेही कोल्हापूरचेच. तो मुलगा पुढे १९५७ मध्ये केंब्रिजला गेला आणि १९५९ मध्ये रँग्लर झाला.

ट्रायपॉसला घड्याळ होतं. मोरूमामांच्या फळ्याला नव्हतं. आणि फळा आधी आला. आपण आज मुलांना घड्याळ आधी देतो. आठवीपासून फाउंडेशन कोर्स, दर रविवारी टेस्ट, टेस्टचा निकाल पालकांच्या मोबाइलवर. चार दिवस एकाच गणिताला चिकटून बसायला त्या पोराला वेळ कुठे आहे? मग एकविसाव्या वर्षी ते माझ्याकडे येतं, वेग असतो, पण पाटी काढून टाकलेलं गणित समोर आलं की हात थांबतो. त्याउलट ती मुलगी. तिच्याकडे चिकटून बसण्याचं बळ भरपूर होतं, तिला फक्त घड्याळ शिकवायचं होतं. माझ्या अनुभवात हे दुसरं काम पुष्कळ सोपं. एक वर्ष पुरतं. पहिल्याला कधीकधी पुरत नाही.

तुमच्या मुलाचं कुठलं आहे, ते ओळखायला मला फोन करायची गरज नाही. त्याला एखादं गणित द्या, वेळ देऊ नका, आणि उत्तर मागच्या पानावर आहे हे सांगा. किती वेळाने पान उलटतं ते बघा.

त्या मुलीचं काय झालं, हे विचारल्याशिवाय तुम्ही मला खाली बसू देणार नाही. दुसऱ्या वेळी तिने नऊ प्रश्न जाणूनबुजून सोडले आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्यातल्या तिनांकडे परत गेली. पहिली पसंती मिळाली नाही, दुसऱ्या एका आयआयटीत जागा मिळाली. वडील पेढे घेऊन आले आणि बराच वेळ चपला काढायच्या की नाही या विचारात जिन्यातच उभे राहिले. आता ती पीएच.डी. करते आहे. दिवाळीत आली होती. दीड वर्ष एकाच प्रश्नावर आहे म्हणाली. मग मला विचारते, "मॅडम, इथे सोडायचं कधी ते कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा." मला सांगता आलं नाही. ते मलाही कुणी शिकवलेलं नाही. बाई, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तुम्हाला माहीत असेल तर जेवताना मला सांगा.

पंगत बसायला अजून दहा मिनिटं आहेत असं खूण करून सांगताहेत. तेवढ्यात एक गणित. सकाळपासून या सभागृहात तुम्ही किती जणांशी हात मिळवलात ते प्रत्येकाने मनात मोजा. इथल्या इथे, एकमेकांशीच. नुसता नमस्कार केला असेल तर तो धरायचा नाही. ज्यांचा आकडा विषम आला ते सगळे उभे राहिले, तर उभ्या राहिलेल्यांची संख्या सम निघेल. कोण किती जणांना भेटलं हे मला माहीत नाही, तरी मी पैज लावायला तयार आहे. विषम निघाली, तर कुणाचं तरी मोजण्यात चुकलंय.

असं का, ते सांगणार नाही. फळ्यावर लिहून ठेवते. पुसू नका.